मोबाईलला बाहेरचे जीपीएस यंत्र बिनतारी जोडणे : कोणत्या कामाला घ्यावे, कोणत्या कामाला घेऊ नये



ई-पीक पाहणीचे दिवस आले की मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ या तालुक्यांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. माणूस स्वतःच्या खाचरात चिखलात उभा असतो आणि मोबाईल सांगतो की तुम्ही शेतापासून लांब आहात. मग बांधावर उभा असलेला कोणी तरी जाणता सल्ला देतो, "अहो, मोबाईलला बाहेरून जोडायचं जीपीएस यंत्र मिळतं. काड्यापेटीएवढं असतं. ते घ्या, सगळं बरोबर होईल."

असं यंत्र मिळतं, ही गोष्ट खरी. ते चांगलं कामही देतं. पण सगळं बरोबर होईल, हे मात्र खरं नाही. काही कामांना ते फार उपयोगी आहे, काही कामांना त्याची गरजच नाही, आणि एका कामाला तर त्याचा उपयोग करणं अंगाशी येऊ शकतं. पैसे खर्च करण्यापूर्वी हा फरक समजून घ्यावा, म्हणून हे पत्रक.

मोबाईलला जागा कशी कळते

आपल्या डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अतिशय अचूक घड्याळ असतं. उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतो : मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आता इतके वाजले आहेत. ही रेडिओचीच लहर. आपला रेडिओ जसा एक लहर धरतो, तसा मोबाईलमधला ग्राहक १५७५.४२ मेगाहर्ट्झची लहर धरतो. संदेश निघाला केव्हा आणि पोचला केव्हा, यावरून अंतर निघतं. अशी निदान चार उपग्रहांची अंतरं मिळाली की आपली जागा ठरते. रेडिओची लहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावते, तेव्हा घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्शाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरची चूक पडते. एवढं हे नाजूक गणित आहे.

जीपीएस ही अमेरिकेची व्यवस्था. त्याखेरीज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि आपली नाविक अशा व्यवस्था आहेत. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला. आजचे बहुतेक मोबाईल यांपैकी तीन-चार व्यवस्थांचे उपग्रह एकदम धरतात.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळांना वाटतं की जीपीएसला इंटरनेट लागतं. तसं नाही. माळशेज घाटाच्या पायथ्याशी जिथं मोबाईलला रेंज नसते, तिथंही जागा कळते. नेट लागतं ते पडद्यावर नकाशा उतरवायला आणि उपग्रहांची माहिती झटपट आणायला. तेव्हा रेंज नसलेल्या रानात जायचं असेल तर घरूनच नकाशा उतरवून घ्यावा.

मग चूक का होते? उघड्या माळावर साधा मोबाईलसुद्धा बहुधा पाचेक मीटरपर्यंत बरोबर सांगतो. पण उपग्रहाची लहर इथवर येईतो फार क्षीण झालेली असते. आंब्याच्या किंवा सागाच्या ओल्या पानांखाली ती दबते. डोंगराच्या कुशीत अर्धं आकाश झाकलेलं असतं. आणि आपल्या भागात एक नवी अडचण आहे, ती म्हणजे टॉवरची. कल्याण-शीळ रस्त्याच्या किंवा घोडबंदर रोडच्या बाजूला अजूनही भाताची, भाजीची शेतं आहेत, आणि त्यांच्या कडेला वीस-पंचवीस मजली इमारती उभ्या आहेत. लहर या भिंतींवर आपटून फिरून येते. घाटात हाक मारली की दुसऱ्या बाजूनं प्रतिध्वनी येतो आणि हाक कुठून आली ते कळत नाही, तसं मोबाईलचं होतं. फिरून आलेल्या लहरीला जास्त वेळ लागतो, मोबाईलला वाटतं अंतर जास्त आहे, आणि पडद्यावरचा ठिपका शेतातून उडून शेजारच्या सोसायटीत जाऊन बसतो.

बाहेरच्या यंत्रात वेगळं काय असतं

मोबाईलमध्ये जीपीएसचा अँटेना फार बारीक असतो, आणि तो आपण तळहातात झाकून धरतो. बाहेरच्या यंत्रात त्यासाठी वेगळा, थोडा मोठा, चपटा अँटेना असतो. यंत्र टोपीवर, खांद्यावर किंवा बांबूच्या टोकाला ठेवता येतं. आकाश मोकळं दिसलं की ठिपका नाचत नाही. साध्या यंत्राचा फायदा एवढाच. त्याने पाचाचे दोन-तीन मीटर होतील. सेंटिमीटरचा हिशेब त्यातून निघणार नाही, दुकानदारानं तसं सांगितलं तर त्याला "दुरुस्ती कुठून घेतं?" एवढं विचारावं. त्याचा खुलासा पुढे येईल. टॉवरच्या प्रतिध्वनीवरही साधं यंत्र फारसं चालत नाही. दोन लहरी धरणारी यंत्रं त्या बाबतीत बरी. पण २०१८ पासून दोन लहरी धरणारे मोबाईलही बाजारात आले आहेत. आपला मोबाईल तसा आहे का ते आधी पाहावं; असेल तर कदाचित वेगळ्या यंत्राची गरजच पडणार नाही.

जोडणी कशी करावी

यंत्र आणि मोबाईल यांच्यामध्ये तार नसते. ब्लूटूथची लहर असते. (हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या एका डॅनिश राजाच्या टोपणनावावरून पडलं, असो.) ही लहर साधारण १० मीटरपर्यंत भरवशानं पोचते. यंत्र टोपीवर आणि मोबाईल हातात, एवढ्याला ती भरपूर झाली.

पहिल्यांदा यंत्र पूर्ण चार्ज करून उघड्या जागी ठेवावं आणि चालू करावं. पत्र्याखाली किंवा पडवीत नको. मोबाईल नेटवरून उपग्रहांची माहिती चटकन आणतो. या यंत्राला ती सोय बहुधा नसते, ती त्याला आकाशातूनच ऐकावी लागते. सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक एकदा ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून पहिल्या दिवशी घाई करू नये, पंधरा मिनिटं चहापाण्यात घालवावीत. दिवा लुकलुकायचा थांबला किंवा त्याचा रंग बदलला की जागा सापडली असं समजावं. कोणत्या दिव्याचा अर्थ काय, ते यंत्राबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद फेकू नये.

आता मोबाईलच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ चालू करून नवीन यंत्र जोडा असं म्हणावं. यादीत यंत्राचं नाव दिसेल. आकडा मागितला तर बहुधा ०००० किंवा १२३४ हा चालतो. जोडलं असं दिसलं की पुष्कळ जण समजतात काम झालं. इथंच पहिली फसगत होते. जोडलं म्हणजे नुसती ओळख झाली. यंत्र आपली जागा सांगायला तयार आहे, पण ऐकणारा कोणी नाही. अँड्रॉइड मोबाईल आपणहून आपलं जीपीएस सोडून बाहेरच्या यंत्राचं ऐकत नाही. त्याला ऐकायला लावणारं अ‍ॅप लागतं.

यंत्र काय बोलतं तेही सांगून ठेवतो. आपल्या कार्यक्रमात बाजारभाव जसे एका ठरलेल्या क्रमानं वाचतात, तसं यंत्र दर सेकंदाला ठरलेल्या क्रमानं ओळी पाठवतं : वेळ, अक्षांश, रेखांश, किती उपग्रह धरले, जागा कितपत भरवशाची. या बोलीला एनएमईए असं नाव आहे. तिच्यात अक्षांश अंश आणि कला असे लिहिलेले असतात. म्हणजे १९१४.४० असं दिसलं तर ते १९ अंश १४.४० कला. दशांशात ते १९.२४ होतं, १९.१४४ नव्हे. हा आकडा तसाच उचलून नकाशात घातला तर कल्याणजवळचं शेत दहा-अकरा किलोमीटर दक्षिणेला, मलंगगडाच्या बाजूला जाऊन पडेल. अ‍ॅप हे गणित आपण करतं, पण कोणी हातानं आकडे उतरवून घेत असेल तर जपावं.

अ‍ॅपचे दोन मार्ग आहेत. पहिला सोपा. एसडब्ल्यू मॅप्स किंवा क्यूफील्ड यांसारखी मोजणीची अ‍ॅप यंत्राशी थेट बोलतात. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये बाहेरचं यंत्र निवडायचं आणि जोडा म्हणायचं. मोबाईलच्या बाकीच्या कारभारात ढवळाढवळ होत नाही. आमचं मत विचाराल तर शेतकऱ्यानं याच वाटेनं जावं.

दुसरा मार्ग असा की सगळ्याच अ‍ॅपना बाहेरच्या यंत्राची जागा दिसावी. त्यासाठी मधलं अ‍ॅप लागतं. लेफेब्युर एनट्रिप क्लायंट हे त्यांपैकी एक. मोबाईलच्या माहितीच्या पानावर बिल्ड नंबर असतो, त्यावर सात वेळा बोट टेकवलं की डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथं मॉक लोकेशन अ‍ॅप म्हणून या मधल्या अ‍ॅपची निवड करायची. मॉक म्हणजे नकली. मोबाईलच्या दृष्टीनं बाहेरून आलेली कोणतीही जागा नकलीच, मग ती खरी का असेना. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दोन्ही मार्गांत अ‍ॅपला लोकेशन आणि जवळपासची यंत्रं, अशा दोन परवानग्या द्याव्या लागतात. आणि बॅटरी वाचवण्याच्या नादात मोबाईल पाच मिनिटांनी अ‍ॅप झोपवतो, तेव्हा त्या अ‍ॅपवरची बॅटरीची बंधनं काढून टाकावीत. अर्ध्या शेतात मोजणी तुटण्याचं नेहमीचं कारण हेच.

आयफोनवाल्यांसाठी एवढंच की त्याला अ‍ॅपल कंपनीची मान्यता असलेलंच यंत्र घ्यावं लागतं, साधं चालत नाही. मान्यतेचं यंत्र जोडलं की मॉकची भानगड राहत नाही.

जोडणी खरोखर झाली का, हे पाहायची युक्ती सोपी आहे. यंत्र बांधाच्या कोपऱ्यावर ठेवा आणि मोबाईल घेऊन दहा पावलं चाला. ठिपका यंत्रापाशीच राहिला तर मोबाईल यंत्राचं ऐकतो आहे. ठिपका तुमच्या मागं आला तर अजून स्वतःचंच ऐकतो आहे.

क्षेत्र मोजताना

या यंत्राचं खरं काम इथं आहे. बियाणं, खत, औषध यांचा हिशेब क्षेत्रावर चालतो आणि ठाणे जिल्ह्यात पुष्कळांना आपल्या एकेका तुकड्याचं क्षेत्र नेमकं ठाऊक नसतं. सातबाऱ्यावर सगळ्या गटाचं असतं, त्यात पोटखराबा वेगळा. प्रत्यक्ष भाताखाली किती, भेंडीखाली किती, हे अंदाजानं चालतं.

पण यंत्राला किती विचारावं यालाही मर्यादा आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, जुन्या मोजणीदाराची एक साखळी लांब, एक साखळी रुंद. मीटरमध्ये सांगायचं तर १० मीटरची बाजू. समजा पाच गुंठ्यांचा चौरस तुकडा आहे. त्याची बाजू साडेबावीस मीटर. मोबाईलनं प्रत्येक कड ३ मीटर बाहेर धरली, तर बाजू साडेअठ्ठावीस मीटर होते आणि पाच गुंठ्यांचे आठ गुंठे होतात! म्हणजे तीन गुंठ्यांचं खत फुकट आणि वर पीक लोळायची भीती. तीच चूक यंत्रानं १ मीटरवर आणली तर जास्तीचा फरक एका गुंठ्याच्या आत येतो. एका एकराच्या चौरस तुकड्याला ३ मीटरची चूक म्हणजे आठ गुंठे, तीही मोठीच, पण चाळीसात आठ आणि पाचात तीन यांत फरक आहे. म्हणून लहान खाचर टेपनंच मोजावं. टेपला उपग्रह लागत नाहीत. यंत्र वापरावं ते मोठ्या, वाकड्यातिकड्या तुकड्याला, जिथं टेप पुरत नाही.

सगळ्या कडा बाहेर जाणं ही वाईटातली वाईट गोष्ट झाली. एरवी एका फेरीत ठिपका सरकतो तो बहुतेक एकाच बाजूला सरकतो. सगळं शेत दोन मीटर पूर्वेला गेलं तरी क्षेत्र तेवढंच राहतं. याचा फायदा घ्यायचा तर सगळे कोपरे एकाच फेरीत, एकाच यंत्रानं, फार वेळ न दवडता घ्यावेत. दोन कोपरे सकाळी यंत्रानं आणि बाकीचे संध्याकाळी नुसत्या मोबाईलनं, असं करू नये. बांधावरून सलग चालत जाण्यापेक्षा प्रत्येक कोपऱ्यावर मिनिटभर स्थिर उभं राहावं, अ‍ॅप सरासरी काढतं. कोपऱ्यावर झाड असेल तर त्याच्या आजूबाजूला मोकळ्या जागी ठिपका घ्यावा आणि झाडापर्यंतचं अंतर टेपनं टिपून ठेवावं. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा फेरी मारून आकडा ताडून पाहावा.

वरकस जमिनीवाल्यांना आणखी एक सांगायचं. नागली-वरीच्या उताराच्या जमिनीत टेप उतारावरून धावतो आणि जीपीएसचं क्षेत्र नकाशासारखं सपाट धरलेलं असतं. वीस अंशांच्या उतारावर टेपनं १०० मीटर भरलं तर नकाशावर ते ९४च भरतं. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, यंत्र बिघडलं असं समजू नये.

पीक पाहणीला हे यंत्र नको

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवरून पीक नोंदवायची पद्धत सुरू झाली. नोंद राहिली तर सातबाऱ्यावरचा पिकाचा रकाना कोरा राहतो, आणि अवकाळी पावसानं भात आडवा झाला की भरपाईच्या वेळी, किंवा हमीभावानं भात घालायच्या वेळी, त्या कोऱ्या रकान्याची किंमत कळते. म्हणून लोक घायकुतीला येतात हे आम्ही समजतो.

पण हिशेब करा. फोटो शेताच्या ५० मीटरच्या आतून काढलेला असावा, असं बंधन पुढं आलं. उघड्यावर मोबाईलची चूक पाच-दहा मीटरची. ५० मीटरसाठी दोन मीटरचं यंत्र कशाला? अ‍ॅप लांब दाखवतं तेव्हा कारण बहुधा दुसरंच असतं. मोबाईलनं घरातली जुनी जागा धरून ठेवलेली असते, किंवा लोकेशनची परवानगी अचूक न देता ढोबळ दिलेली असते, किंवा आपण झाडाखाली सावलीत उभे असतो, किंवा गट नंबरच चुकीचा निवडलेला असतो. उघड्यावर या, लोकेशन बंद करून पुन्हा चालू करा, दोन मिनिटं थांबा, मग फोटो काढा. एवढं करूनही अंतर जास्तच दिसलं तर नकाशातच गटाची जागा चुकलेली असू शकते. ते कोणत्याही यंत्रानं सुटणार नाही. तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, मुदत संपण्यापूर्वी लेखी सांगावं आणि पोच घ्यावी.

उलट, मॉक लोकेशन चालू ठेवून पाहणी केली तर नुकसान होण्याचाच संभव. यंत्राची खरी जागा आणि डोंबिवलीत घरी बसून घातलेली खोटी जागा, या दोन्ही मोबाईलच्या लेखी मॉकच. असं काही चालू दिसलं की पुष्कळ अ‍ॅप काम नाकारतात. पाहणीपूर्वी डेव्हलपर पर्यायांत जाऊन मॉक अ‍ॅपच्या जागी "काहीही नाही" करावं आणि मोबाईल एकदा बंद-चालू करावा. नोकरीपायी शहरात राहणारी मुलं घरबसल्या जागा बदलून पाहणी करायची शक्कल सांगतील. ती ऐकू नये. पीक उभं नसताना नोंद झाली तर जबाब शेताच्या मालकाला द्यावा लागतो.

आणि बांधाच्या भांडणाला तर मुळीच नको

शेजाऱ्यानं बांध कोरला असं वाटलं की पहिला विचार येतो, यंत्र लावून दाखवू. दोन-तीन मीटर चुकणाऱ्या यंत्रानं एका हाताचा बांध सिद्ध होत नाही, आणि शेजाऱ्याच्या मोबाईलनं उलटंच दाखवलं तर? भांडण तेवढं वाढतं. कोर्टात त्या ठिप्प्याला किंमत नाही. हद्द ठरवून मिळते ती भूमि अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात मोजणीचा अर्ज देऊन आणि फी भरूनच.

गंमत अशी की तिथून येणारा भूकरमापकही आता बहुधा असंच बाहेरचं यंत्र आणि बिनतारी जोडणी घेऊन येतो. काठीच्या टोकाला बसवलेलं त्याचं यंत्र म्हणजे रोव्हर. तो हातातल्या छोट्या संगणकाशी ब्लूटूथनंच बोलतो. फरक दुरुस्तीचा आहे. सर्व्हे ऑफ इंडियानं महाराष्ट्रात ठिकठिकाणी कायमची स्थानकं बसवली आहेत, त्यांना कॉर्स म्हणतात. स्थानकाची जागा सेंटिमीटरपर्यंत पक्की ठाऊक असते. तिथं उपग्रहाकडून येणाऱ्या जागेत या घडीला किती चूक आहे ते स्थानक ओळखतं आणि ती दुरुस्ती नेटवरून रोव्हरला पोचते. रोव्हर आपल्या आकड्यातून तेवढी चूक वजा करतो, म्हणून त्याचा हिशेब सेंटिमीटरचा. दुकानदाराला विचारायचा "दुरुस्ती कुठून घेतं?" हा प्रश्न याचसाठी. मोजणीच्या दिवशी भूकरमापकाबरोबर प्रत्येक खुणेपर्यंत स्वतः चालावं, शेजाऱ्यालाही बोलवावं आणि खुणा तिथल्या तिथं दगड रोवून पक्क्या करून घ्याव्यात.

सांभाळणे

असं यंत्र एकट्यानं घेण्यापेक्षा शेतकरी गटानं किंवा बचत गटानं मिळून घेतलेलं परवडतं, कारण वर्षातून चार-सहा दिवसच त्याचं काम. मात्र ते बहुधा एका वेळी एकाच मोबाईलशी बोलतं. काल ज्यानं वापरलं तो जवळच उभा असेल आणि त्याचं ब्लूटूथ चालू असेल, तर यंत्र त्याच्याकडे जातं आणि आजचा माणूस उगीच घामाघूम होतो. काम झालं की आपल्या मोबाईलमधून यंत्राचं नाव काढून टाकावं. पावसात यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलं तरी चालतं, प्लास्टिकमधून लहर जाते. ओल्या इरल्याखाली, पत्र्याखाली किंवा स्टीलच्या डब्यात मात्र जात नाही. लावणी झाल्यावर कपाटात ठेवायचं असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करावं, नाहीतर वापरायच्या दिवशी नेमकी बॅटरी मेलेली सापडते.